वाड्यावरची पॉवर बँक सोलरवर भरतच नाही, पॅनेल मोठं घेऊ का?

माणदेशी लेक (म्हसवड, जि. सातारा)

नमस्कार. दिवाळी झाली की आमचा मेंढरांचा वाडा कोकणाकडं निघतो. आण्णा, आई आणि धाकटा भाऊ वाड्यावर, मी कॉलेजसाठी आजीजवळ म्हसवडला. आत्ता तळ पाटणच्या अलीकडं आहे, पुढं कुंभार्ली घाट उतरतील.

आधी फोन चार्ज करायला आण्णा कुठल्यातरी हॉटेलात नाहीतर गिरणीत दोन-दोन तास बसून राहायचे. ते मला बघवत नव्हतं. म्हणून यंदा साठवलेल्या पैशातून १४ वॉटचं घडीचं सोलर पॅनेल आणि १०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका घेऊन दिल्या.

सकाळी बिऱ्हाड घोड्यांवर लादून आई पुढच्या तळावर जाते. अकराच्या सुमाराला पोचली की पॅनेल ताडपत्रीवर अंथरते, पॉवर बँक त्याच्याच खाली सरकवते आणि चारला काढते. चारपैकी एकच दिवा लागलेला असतो. बँक हातात धरवत नाही इतकी तापते. तेवढ्यावर भावाचा स्मार्टफोन लावला की रात्रीत सगळं संपतं. मागच्या आठवड्यात तीन दिवस कुणाचाच फोन लागला नाही. मेंढ्या विण्याचे दिवस आहेत, रानात बिबट्या आहे. मला झोप नव्हती. पॅनेल मोठं घ्यावं का?

कुपवाडचा वायरमन (सांगली)

ताई, पॅनेल राहू द्या, तुमची बँक तापून बंद पडतीय. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून आतलं सर्किट चार्जिंग तोडतं. उन्हात तापलेल्या पॅनेलखाली ती भट्टीत ठेवल्यासारखीच आहे. पॅनेल उन्हात, बँक सावलीत. खोगिराच्या आड, वारं लागेल अशी ठेवा. मात्र त्यासाठी लांब बारीक केबल घेऊ नका, ५ व्होल्ट वाटेतच गळतात. मीटरभर, जाड तारेची घ्या. फुगलेली दिसली तर ती बँक वापरायचीच नाही.

दुसरं म्हणजे पॅनेल आडवं अंथरू नका. मार्गशीर्षात भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडं दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर. आडव्या पॅनेलचा चौथा हिस्सा तिथंच जातो. दगडाला टेकवून दक्षिणेकडं तोंड करा. आईंना एक खूण सांगा : पॅनेलवर काटकोनात काडी उभी धरायची, तिची सावली जवळजवळ नाहीशी झाली की तोंड बरोबर. दुपारी दोनदा असं फिरवलं की पुरे.

आणि सावली! आतले सेल एकामागं एक जोडलेले असतात, एका सेलवर बाभळीची फांदी आली तरी सगळ्यांचा प्रवाह बसतो. ढग किंवा सावली येऊन गेली की काही बँका कमीच प्रवाह घेत राहतात, ऊन परतलं तरी वाढवत नाहीत. केबल काढून परत लावायची.

आता हिशोब. १०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॉट-तास. वाया जाणारं धरून ४५ तरी घालावे लागतात. १४ वॉटच्या पॅनेलातून हातात आठ-नऊ वॉट आले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे पाच तास कडक उन्हात एक बँक. दोन्ही एका दिवशी भरणार नाहीत, आलटून पालटून लावा.

जतचे गुरुजी

वायरमनदादांनी सांगितलंय ते बरोबर. फक्त पाठीवरच छोटं पॅनेल चिकटवलेली पॉवर बँक कुणी सुचवली तर घेऊ नका. माझ्याकडं आहे. ते पॅनेल दीड वॉटच्या आसपास, पूर्ण भरायला पाच-सहा दिवस आणि बॅटरी स्वतःच उन्हात.

मोठं १२ व्होल्टचं पॅनेल घेतलंत तर ते थेट बँकेला कधीही जोडू नका. नाव १२ व्होल्टचं असलं तरी काही जोडलेलं नसताना त्यावर २१-२२ व्होल्ट असतात, बँक जळेल. मध्ये १२ ते २४ व्होल्ट चालणारा गाडीचा मोबाइल चार्जर लागतो.

आण्णांकडं बटणाचा फोन आहे का? त्याची बॅटरी साधारण १,००० एमएएचची. एका भरलेल्या बँकेवर तो पाच-सहा वेळा भरतो, स्मार्टफोन जेमतेम सव्वा-दीड वेळा. एक बँक फक्त बटणाच्या फोनला राखून ठेवा, तिला भावानं हात लावायचा नाही.

माणदेशी लेक

दोघांचे मनापासून आभार. रविवारी एसटीनं तळावर जाऊन आले. जाड केबल आणि यूएसबीचा छोटा मीटर बरोबर नेला होता. आई ठेवायची तसंच आधी ठेवून बघितलं : ०.४ अँपिअर. मग दगडाला टेकवून काडी धरली, बँक खोगिराच्या सावलीत : १.५ अँपिअर. आईला आकडा दाखवला, ती काडीची सावली बघून पॅनेल स्वतः फिरवायला लागली. चारला तीन दिवे लागले होते.

एका बँकेला लाल दोरा बांधलाय, ती आण्णांची. भाऊ कुरकुरला, पण ऐकलं त्यानं. काल रात्री साडेआठला आण्णांचा फोन आला. दोन मेंढ्या व्याल्या, एक कोकरू अशक्त आहे, त्याला कुठलं औषध देऊ ते डॉक्टरांना विचार म्हणाले. आज सकाळी विचारून कळवलं, फोन पहिल्याच रिंगला उचलला.