नानकटाई ओटीजीत पसरते, पार चकती होते. काय चुकतंय?

फिटरकाका

नमस्कार मंडळी. आधी मापं देतो, मग रडगाणं गातो.

ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) घालण्याआधी: व्यास ४२ मिमी, उंची १८. बाहेर काढल्यावर: व्यास ७१, उंची ६. अंदाजपंचे नाही, व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) लावून मोजलंय. ३६ वर्षं फिटर म्हणून काढली, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हात आधी व्हर्निअरकडेच जातो. बारापैकी पाच शेजारणीला चिकटून एकच पत्रा झाला, तो उलथन्याने कापून सोडवला. आमची ही चहाचा कप हातात घेऊन तेवढंच म्हणाली, "वॉशर म्हणून चालतील."

कृती अशी: २ वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, १ वाटी घरचं गाईचं साजूक तूप, १ वाटी साखर मिक्सरमधून काढून, अर्धा चमचा खायचा सोडा, वेलची-जायफळ. वाटी १५० मिलीची. तूप पातळच होतं, चिंचवडला मे महिन्यात दुसरं कसं असणार? ओटीजी २८ लिटरचा, लेकीने निवृत्तीला दिलेला. पाच मिनिटं तापवला (वीजबिल आम्हीच भरतो), काटा १८० वर, २० मिनिटं. वास मात्र झकास आला होता, त्यामुळे निराशा जास्त झाली.

आता हा खटाटोप कशासाठी, तर मिरजेत आमच्या लहानपणी मे महिन्यात नानकटाई घरी भाजायची पद्धतच नव्हती. आई घरी सगळं सामान मोजून पितळी डब्यात भरायची आणि मी आणि थोरला भाऊ तो डबा घेऊन बेकरीत जायचो. तिथला माणूस आपल्यासमोर मळायचा, गोळे वळायचा, वर चारोळी दाबायचा. पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी पडायची. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून वाट बघायची, घामाने सदरा अंगाला चिकटायचा, पण जागा सोडायची नाही, कारण आपला पत्रा दुसऱ्याच्या डब्यात गेला म्हणजे घरी मार. येताना भाऊ डबा धरायचा आणि मी झाकण थोडं उघडं ठेवायचो. आईने सांगितलेलं असायचं, गरम असताना बंद करू नका, वाफ धरते.

ती नानकटाई मधोमध फुटलेली, घुमटासारखी असायची. दाताखाली आली की रवाळ, आणि जिभेवर विरघळायची. मला तीच हवी आहे. तूप तर आईपेक्षा चांगलं घातलंय, मग गणित कुठे चुकलं?

---

अर्धाकप

काका, वाटीतच चुकलं. तुमच्या वाटीने तूप भरतं १३५ ग्रॅमच्या आसपास. दोन वाट्या मैदा आणि पाव वाटी बेसन मिळून दोनशेसुद्धा होत नाहीत. म्हणजे शंभर पिठाला सत्तरच्या वर तूप, तेही पातळ. नानकटाई कसली, शिऱ्याची तयारी झाली ती.

मी घेते ते: मैदा २०० ग्रॅम, बेसन ३०, बारीक रवा २०, तूप १४०, पिठीसाखर १२०. सोडा दोन चिमट्या, त्यावर चमचाभर दही. सोडा जास्त झाला की गोळा बसतो, रंग काळपट होतो आणि तोंडात साबण येतो तो वेगळाच.

व्हर्निअर आहे आणि वजनकाटा नाही? कमाल आहे.

---

साटा_चिरोटे

अहो भाऊ, पातळ तुपाने नानकटाई करायची नसते हो. चिरोट्यांचा साटा कधी पाहिलात का घरात? तूप थिजलेलं घेऊन तळहाताने फेसतात, पांढरं, हलकं होईपर्यंत. नानकटाईलाही तस्संच. परातीत तूप घ्या, हाताच्या टाचेने गोल गोल घासत राहा. पहिली पाच मिनिटं वाटेल काहीच होत नाहीये. मग एकदम रंग बदलतो, पिवळ्याचं मोतिया होतं, आणि परातीवर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहते. तेव्हा साखर घालायची. पीठ सगळ्यात शेवटी, आणि ते मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. पोळीची कणीक मळल्यासारखं रेटलंत तर दगड होतील.

मे महिन्यात तूप थिजत नाही हे खरं. वाटी फ्रिजमध्ये ठेवा, श्रीखंडाइतकं घट्ट झालं की काढा. फार कडक झालं तर फेसताना हात दुखेल. माझे सासरे म्हणायचे नानकटाई सुनेच्या मनगटाची परीक्षा असते. त्यांनी स्वतः कधी परातीला हात लावला नाही ते सोडा.

---

भट्टीवाल्याचा_मुलगा

काका, तुमचा धागा वाचून बसल्या जागी घाम फुटला. आमची सोलापूरकडे लाकडाची भट्टी होती, मी दहावीपर्यंत मे महिन्यात पत्र्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम केलंय. पत्रे अदलाबदल व्हायचे. भांडणंही व्हायची. एका बाईंनी नंतर सरळ बदामाचे काप लावायला सुरुवात केली, ओळखू यावं म्हणून. पुढच्या वर्षी निम्म्या गल्लीने बदाम लावले.

आता मूळ मुद्दा. लोक भट्टीची चव भट्टीची चव करतात, त्यात दोन गोष्टी असतात.

पहिली आच. भट्टीत आधी लाकडं जाळून विटा तापवायच्या, मग निखारे बाजूला ओढायचे, ओल्या पोत्याने तळ पुसायचा. सगळ्यात कडक आचेवर पाव. पाव निघाले की खारी. त्यानंतर आच उतरायला लागली की नानकटाई, आणि अगदी शेवटी टोस्ट, रात्रभर सुकायला. थर्मामीटर कोणाकडे होता? वडील चिमूटभर मैदा तळावर टाकायचे आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचे. नानकटाईला तो हळूहळू रंगला पाहिजे. म्हणजे आच कडक नको, पण पत्रा आत जाताना विटा तापलेल्याच असतात. तुम्ही पाच मिनिटांत ओटीजीचं दार उघडलंत, तोवर आत धड ऊबसुद्धा नसेल. अशा कोमट हवेत तूप आधी वितळतं, गोळा पसरतो, आणि मैदा धरायला लागेपर्यंत सगळं सपाट झालेलं असतं.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. तुमची आई डब्यात साजूक तूप देत होती याची खात्री आहे का? आमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद डब्यांत डालडा असायचा. घरात साजूक तूप सणाला, वरणभाताला. भट्टीला कोण देणार? आणि वनस्पती तूप उन्हाळ्यातही घट्ट राहतं, त्याचा गोळा उभा राहतो. म्हणून तो घुमट. वर बेकरीवाले फुगवायला अमोनिया (सोड्यासारखी पूड) घालायचे, तो आच लागली की वायू होऊन उडून जातो आणि जाता जाता नानकटाई फोडतो. घरी तो नका वापरू. लहान ओटीजीत असा दर्प कोंडतो की डोळ्यांतून पाणी येईल.

---

अर्धाकप

@भट्टीवाला, डालड्याची जाहिरात नको प्लीज.

---

भट्टीवाल्याचा_मुलगा

जाहिरात नाही हो, साक्ष देतोय. आणि आता तो पूर्वीचा डालडाही राहिलेला नाही, २०२२ पासून ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर चालत नाही. तरी मी घरी तूपच वापरतो. सांगायचं एवढंच की तुपाची नानकटाई करायची असेल तर तुपाला डालड्यासारखं घट्ट वागायला लावलं पाहिजे.

---

मांडवीकाठ

आमच्याकडे गोव्यात चहासोबत नानकटाईपेक्षा बोलिन्हास जास्त. रवा, ओला नारळ, साखर, अंड्याचा बलक, वेलची. त्यात महत्त्वाची गोष्ट ही की मिश्रण रात्रभर ठेवतात. रवा ओल शोषतो, सकाळी सैल वाटणारा गोळा आपोआप आवळून येतो. मग वळून वर काट्याने फुली मारायची आणि भाजायची. पूर्वी आमच्या वाड्यावरच्या पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भट्टीत, आता गॅस ओव्हनमध्ये.

काका, तुमच्या नानकटाईतही थोडा रवा घाला आणि वळलेले गोळे भाजण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. फरक पडेल. बोलिन्हास चहात बुडवल्या तरी तग धरतात, नानकटाई धरत नाही, एवढं आमच्या बाजूने बोलून घेते.

---

वाचनमात्र_होतो

अवांतर: नान म्हणजे फारसीत रोटी, हे ठाऊक असेलच. सुरतेत अशी कथा सांगतात की डच वखारीसाठी पाव भाजणारी बेकरी पुढे दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आली, डच गेल्यावर पावाला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि त्यातून कोरड्या बिस्किटांचा आणि नानकटाईचा धंदा उभा राहिला. खटाई कुठून आली यावर भांडायला मी तयार आहे, पण काकांचा धागा आहे, राहू दे.

---

फिटरकाका

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चार दिवस गप्प होतो कारण काम चालू होतं. अहवाल देतो.

आधी डालड्याचं. थोरल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, त्या पिवळ्या डब्यावरचं हिरवं झाड विसरलास का? त्याच रिकाम्या डब्यात तर आई नंतर नानकटाई ठेवायची." मी पन्नास वर्षं त्या डब्याला नानकटाईचा डबा म्हणत आलो, त्यात आधी काय होतं हे डोक्यातच आलं नाही. भट्टीवाले, तुम्ही जिंकलात.

आता ओटीजी. कंपनीतल्या मित्राकडून के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) आणला, दारातून वायर आत सोडली, टोक जाळीच्या मधोमध बांधलं. काटा १८० वर. पाच मिनिटांनी आत फक्त ११८. तेरा मिनिटांनी १८०. तिथे थांबावं की नाही? नाही, २०४ पर्यंत चढला, मग रॉड बंद झाला, १६६ पर्यंत उतरला, पुन्हा चालू. तीन फेऱ्या लिहून घेतल्या. माझ्या हाताखालच्या पोराने असं मशीन लावून दिलं असतं तर त्याला परत पाठवला असता. काटा १६० वर आणला तेव्हा १५० ते १७५ मध्ये खेळायला लागला. तो चालेल असं ठरवलं. पत्रा आत घालायचा तो पंधरा मिनिटांनी.

वजनकाटा घेतला. (अर्धाकप, टोमणा पोचला.) मापं तुमचीच. तूप फ्रिजमध्ये वीस मिनिटं, मग परातीत फेसायला बसलो. साटा_चिरोटे वहिनी, तुम्ही म्हणालात पाच मिनिटं काही होत नाही, मला अकरा लागली. मनगट उतरलं. ही दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "सरका, हात गरम आहे तुमचा, तूप वितळतंय." तिने परातीखाली बर्फाच्या पाण्याचं ताट सरकवलं आणि दोन मिनिटांत ती रेघ उमटवून दाखवली. हे तुमच्यापैकी कोणी सांगितलं नव्हतं.

गोळे प्रत्येकी ३० ग्रॅम, मध्ये दोन बोटं जागा, अर्धा तास फ्रिज, वर चारोळी.

निकाल: आत जाताना व्यास ४०, उंची १९. बाहेर आल्यावर ५२ आणि १६. मधोमध तडा गेलाय, हवा तसा. काढल्यावर बोट लावलं तर मऊ लागली, वाटलं कच्ची राहिली, पुन्हा आत ढकलणार होतो. हिने हात धरला. गार झाल्यावर आपोआप खुटखुटीत झाली. बारापैकी अकरा पास. मागच्या भिंतीकडची एक करपली, म्हणजे दहा मिनिटांनी पत्रा फिरवायला हवा.

चवीला आईच्यासारखी नाही. आईची जास्त हलकी, जास्त फुसफुशीत होती. तुपाची जरा जड, पण वास किती तरी चांगला. भावासाठी सहा बाजूला ठेवल्यात, रविवारी मिरजेला नेतो. डबा कुठला न्यायचा यावर घरात चर्चा चालू आहे.

आणि मांडवीकाठ, बुडवून बघितली. तीन सेकंदांत तळाला गेली. चमच्याने काढून खाल्ली.

---

साटा_चिरोटे

वहिनींना नमस्कार सांगा. बर्फाचं ताट मीही करते, सांगायचं राहून गेलं. आणि ते व्हर्निअर धुऊन ठेवा हो, तुपाला मुंग्या लागतात.