‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

शाईपेन: नववीला संगणक शिकवते. ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’वर, म्हणजे प्रश्न पायरीपायरीनं सोडवायच्या विचारपद्धतीवर, मराठी माध्यमासाठी टिपण लिहिताना अडलेय. ‘संगणकीय विचार’ लिहिलं, तर मुलांना वाटलं की विचार संगणक करतो. ‘डीकम्पोझिशन’ला, म्हणजे मोठ्या प्रश्नाचे छोटे भाग करण्याला, ‘विघटन’ लिहिलं, तर एका मुलीनं उत्तरात पालापाचोळा कुजणं लिहून आणलं. चूक तिची नाही, माझ्या शब्दाची. सुचवा.

उंबरा: ‘संगणकीय’ नकोच. संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी २००६ च्या लेखात हेच ठासून सांगितलं होतं, की ही माणसाची विचार करायची तऱ्हा आहे, यंत्राची नव्हे. ‘रीतविचार’ म्हणा. गणितात ‘रीत लिहा’ असतंच.

अनुस्वार: रीत चालत आलेली असते, इथे मुलानं ती स्वतः बसवायची आहे. ‘गणनविचार’ घ्या. गणन, गणक, संगणक असं एकच कूळ राहतं. प्रत्येक शब्द इंग्रजीतून उचलायचा तर मराठी माध्यम हवं कशाला?

पाटीपेन्सिल: कूळ सांभाळून मूल घाबरलं तर? ‘अल्गोरिदम’ (पायरीपायरीची कृती) तरी इंग्रजी कुठे, नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आलाय. मी प्रार्थनेच्या रांगेत मुलांना सांगते, मागच्यापेक्षा उंच असाल तर त्याच्याशी जागा बदला. फेऱ्या करत गेलं की उंचीप्रमाणे रांग लागते. ‘बबल सॉर्ट’ हा क्रम लावायचा अल्गोरिदम झाला, नाव नंतर.

अनुस्वार: नंतर का होईना, नाव लागतंच. परीक्षेत काय लिहायचं त्यांनी?

उंबरा: विघटनाऐवजी ‘फोड’ चालेल. संख्येची फोड चौथीतलं पोरही करतं. आणि डीबगिंगला, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधून दुरुस्त करण्याला, ‘ताळा’.

वहीखातं: ताळ्याला हरकत आहे. ताळा उत्तर बरोबर की चूक एवढंच सांगतो. चूक शिरली कुठे, ते शोधणं वेगळं. वडील दुकानाची वही लिहायचे. बेरीज जुळली नाही की फरकाला आधी नऊनं भागायचे. भाग गेला, तर बहुधा कुठेतरी ५४ चे ४५ झालेत. मग सगळी वही न चाळता तशाच जोड्या बोटानं तपासत खाली यायचे. याला ते ‘घोळ काढणं’ म्हणत.

शाईपेन: हे उद्याच वर्गात करून घेते! पण मूळ शब्दाचं काय?

पाटीपेन्सिल: वहीखातं, हा ‘घोळ’ लुगड्याचा, की सुपात धान्य घोळतात त्यातला? आमच्याकडे घोळूनच खडे बाजूला काढतात.

अनुस्वार: लुगड्याचा. पायात येतो तो.

वहीखातं: मला सुपातलाच वाटतो.