प्रतिसाद: डॉक एक, मॉनिटर दोन, चित्र तेच

म्हापशाहून विचारलंय की एम१ मॅकबुक एअरला डॉकमधून (एका वायरीने लॅपटॉपला अनेक उपकरणं जोडणारा डबा) दोन मॉनिटर लावले तर दोन्हीवर तेच चित्र येतं, बायकोचा विंडोज लॅपटॉप मात्र त्याच डॉकवर नीट चालतो. वर कुणी केबल बदलायला सांगितलीय. त्यासाठी पणजीला धावू नका. २०२० चं ते एअर मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालवतं. शिवाय एका वायरीतून दोन वेगळी चित्रं पाठवायची जी एमएसटी सोय डॉकमध्ये असते, ती विंडोज मानतं, मॅकओएस मानत नाही. म्हणून नक्कल.

उपाय म्हणजे डिस्प्लेलिंक चिपचा डॉक घ्या, तो ही मर्यादा टाळून सॉफ्टवेअरच्या मदतीने यूएसबीतून चित्र पाठवतो. त्याचा ड्रायव्हर (सोबतचं सॉफ्टवेअर) टाकून मॅकच्या सेटिंगमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्या, नाहीतर पडदा काळाच राहील. एक्सेल, मेलला झकास, गेमसाठी नको. ओटीटीचे संरक्षित व्हिडिओही बहुधा काळे दिसतील.

दुसरा प्रश्न कळंगुटहून आलाय, त्यांचा मॉनिटर मधूनच काळा होऊन परत येतो; तिथे मात्र केबलवर संशय घ्यायला हरकत नाही. खारा वारा, त्यात पावसाळा. एचडीएमआयच्या पिना हिरवट पडल्यात का ते टॉर्च मारून बघा.