मदत हवी आहे: बेळगावात मराठी बोलणारी ताई मिळेल का?

खानापूर तालुक्यातून लिहितेय, नाव देत नाही. माझ्या मैत्रिणीवर परवा रात्री अत्याचार झाला. घरी कुणालाच माहीत नाही. अंघोळ झालीय, पण त्या दिवशीचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवलेत.

जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तर "आधी पोलिसांत जाऊन या" म्हणाले. सरकारी असो की खाजगी, उपचार लगेच आणि फुकट द्यायचे असा कायदा आहे, ठाऊक आहे मला. पण भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही लवकर घेतलेली बरी. म्हणजे आता वेळ दवडून चालणार नाही. दुपारच्या बसनं बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात नेतेय.

तिला कन्नड वाचता येत नाही. संमतीच्या कागदावर न समजता सही करणार नाही म्हणते, बरोबरच आहे तिचं. तिथल्या सखी केंद्रात (अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणारं सरकारी केंद्र) कुणी गेलंय का? मराठीतून समजावणारं कुणी भेटतं का? दवाखाना पोलिसांना कळवणार, हे तिला सांगितलंय. जबाब द्यायचा का, ते तिचं अजून ठरलेलं नाही.

आणि "इतक्या रात्री कशाला गेली" हे विचारू नका, हात जोडते.