हायबॅक बूस्टर सीट घ्यायचीय, जाणकारांनी मदत करा

चिमणचारा:
नमस्कार मंडळी. लेकाला पाच पूर्ण होऊन तीन महिने झाले. उंची ११२ सेंमी, वजन साडेसतरा किलो, म्हणजे नुसता उभा वाढतोय. गाडीतल्या सध्याच्या सीटच्या हार्नेसला (म्हणजे सीटच्याच अंगच्या पट्ट्यांना) १८ किलोची मर्यादा आहे, पण वजनाआधी खांदेच वर निघाले. पट्ट्या सगळ्यात वरच्या खाचेत घातल्या तरी खांद्याच्या खालून येतात. म्हणजे आता हायबॅक बूस्टर, मुलाला उंच बसवणारी पाठवाली बैठक, इथवर कळलं. पुढे मात्र डोकं चालेना. काहींना आयसोफिक्स (सीट गाडीच्या कड्यांत अडकवायची सोय) आहे, काहींना नाही. एकीची पाठ नंतर काढता येते. घरच्यांचं म्हणणं, नुसती बैठक पुरे, पाठ म्हणजे विकणाऱ्यांचं खूळ. लेक गाडीत हमखास झोपतो आणि झोपला की मान खिडकीकडे, नाहीतर थेट मांडीत. मागे शेजारी त्याची आजी बसते. कोणती घेऊ?

खटपट्या:
नाव विचारू नका, कारण माझ्या गाडीत झक्क बसलेली सीट तुमच्या गाडीत निकामी ठरू शकते. माझ्याच दोन गाड्यांत एकच सीट दोन तऱ्हेने वागते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: हार्नेसमध्ये मुलाला सीट धरून ठेवते, बूस्टरमध्ये गाडीचा बेल्ट. बूस्टरचं काम मुलाला उंच बसवणं आणि मोठ्यांच्या मापाचा बेल्ट त्याच्या हाडांवर आणून ठेवणं, एवढंच. हाडांवर म्हणजे कुठे? खालचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर. पोटावर अजिबात नको. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढे जी टोकं असतात, त्यांच्याखाली बेल्ट अडकून राहतो. लहान मुलांत ती टोकं नीट तयार झालेली नसतात, म्हणून जोराच्या धक्क्यात मूल बेल्टखालून पुढे घसरतं आणि पट्टा मऊ पोटात रुततो. आतडी आणि कमरेचा मणका, दोन्हींना इजा होते ती अशी. वरचा पट्टा मान आणि दंड यांच्या बरोबर मधून, खांद्याच्या मध्यावर हवा. मानेला घासला की मुलं तो काखेखाली घेतात, मग वरचं अंग मोकळंच.

तेव्हा मूल आणि गाडी दोन्ही घेऊन जा. सीट गाडीत ठेवून, मुलाला बसवून, बेल्ट लावून बघा. ज्या दुकानात हे करू देत नाहीत तिथून घेऊ नका.

उनाडपाऊस:
खटपट्यांना अनुमोदन. घरच्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. व्होल्वोने १९७८ साली आणली ती पाठ नसलेली बैठकच होती आणि काहीच नसण्यापेक्षा ती नक्कीच बरी. पण तुमचा मुलगा ११२ सेंमीचा आहे. आर१२९ या मुलांच्या सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाखाली नुसती बैठक १२५ सेंमीच्या पुढेच मान्य होते. खालच्या मुलांना पाठ हवीच, आणि ती शोभेला नसते: खांद्याचा बेल्ट जागेवर धरणारी खाच त्या पाठीलाच असते, बाजूने धडक बसली तर डोक्याला दोन्हीकडून आधार मिळतो आणि झोपलेलं मूल बेल्टबाहेर कलंडत नाही. तुमच्याकडे झोपेचा प्रश्न आहे म्हणता, मग विषयच संपला.

पाठ काढता येणारी घ्यायला हरकत नाही, फक्त काढायची घाई नको.

गुंतवळ:
मी जरा उलटं बोलणार आहे. पाच वर्षांच्या मुलाला बूस्टर द्यायची एवढी घाई का? सध्याचा हार्नेस लहान झाला हे कबूल. पण जास्त उंचीच्या आणि २५ किलो किंवा त्याहून पुढच्या मर्यादेच्या हार्नेस सीटही मिळतात. माझ्या मुलीला आम्ही साडेचारलाच बूस्टरमध्ये बसवलं. मापात बसत होती, कागदावर सगळं बरोबर. पण खाली पडलेला खडू उचलायला वाकली की खांदा बेल्टबाहेर. झोपली की घसरत घसरत बेल्ट पोटावर. एकदा मागे वळून पाहिलं तर बाईसाहेबांनी पट्टा पाठीमागे टाकलेला! दुसऱ्या दिवशी परत हार्नेस. सहा पूर्ण झाल्यावर पुन्हा बूस्टर दिली, तेव्हा सांगितल्यासारखी बसली.

उंची-वजन लेबलवर वाचता येतं. पूर्ण प्रवासभर पाठ टेकून बसण्याइतका तो शहाणा झालाय का, हे आईलाच ठरवावं लागतं.

चिमणचारा:
गुंतवळताई, हा विचारच केला नव्हता. तसा तो बसतो गुपचूप, जागा असेपर्यंत. अजून दोन शंका. आयसोफिक्स नसेल तर बूस्टर कमी सुरक्षित का? आणि नात्यातली एक वापरलेली सीट मिळतेय, घेऊ का?

खटपट्या:
आयसोफिक्सचा गैरसमज फार पसरलाय. बूस्टरमध्ये ते मुलाला धरत नाही, सीटला धरतं. फायदा खरा आहे: वळणावर सीट सरकत नाही, मूल चढताना हलत नाही, आणि सीट रिकामी असताना ब्रेक दाबला तर ती पुढच्याच्या पाठीत येत नाही. नसेल तर रिकाम्या बूस्टरलाही बेल्ट लावून ठेवायचा, बस्स. बेल्ट मात्र तीन टोकांचाच हवा. मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर चालत नाही.

वापरलेली घ्यायची तर ती अपघातातून गेलेली नाही, हे देणाऱ्याने छातीठोक सांगायला हवं. नात्यातली आहे म्हणून निदान विचारता तरी येईल. मुदत सीटच्या तळाशी किंवा माहितीपुस्तिकेत बघा, आणि सगळे सुटे भाग आहेत ना तेही.

उनाडपाऊस:
आजी शेजारी बसणार असतील तर रुंदी मोजा. हात टेकायच्या कडा इतक्या पसरट असतात की बक्कल त्यांच्याखाली गाडलं जातं. मग रोज कुणीतरी बोटं घालून शोधायचं. शिवाय बक्कल कडेवर टेकून वाकलं असेल तर ती सीट त्या जागेसाठी नकोच. अवांतर: जाड जाकीट काढून बेल्ट लावा. जाकीट दबलं की बेल्ट सैल पडतो.

चिमणचारा:
मंडळी, धागा वर काढतेय. घेतली एकदाची. (जुनी नको म्हटलं, मुदत संपलेली निघाली.)

तीन बसवून पाहिल्या. पहिली सगळ्यात देखणी, पण गाडीचं हेडरेस्ट तिला मागून ढकलत होतं, पाठ टेकेचना. हेडरेस्ट काढायला पुस्तिकेत परवानगी नव्हती. दुसरीत बक्कलचा तोच घोळ, लेकाने लावायला घेतला तो आजीचा बेल्ट. तिसरी अरुंद, रंग मरगळलेला, पण बेल्ट दोन्हीकडे सांगितल्यासारखा बसला. गुंतवळताईंचं ऐकून मोठ्या हार्नेसचीही एक पाहिली, पण आमच्या मागच्या सीटवर ती आणि आजी दोघी मावेनात. बूस्टरच घेतली, आणि पहिले काही दिवस मी मागे त्याच्याशेजारी बसले. झोपला तरी डोकं पाठीतच राहतं, हा मोठा दिलासा.

एकच कुरकुर: पुढे वाकून परत मागे टेकला की खांद्याचा बेल्ट सैल राहतो, आपोआप मागे जात नाही. बेल्ट बिघडलाय का?

खटपट्या:
बेल्ट ठीक असणार. पाठीवरची खाच फार खाली आली की बेल्ट तिथे मुरडतो आणि अडतो. बूस्टरच्या हेडरेस्टचा भाग एक टप्पा वर घ्या, खाच खांद्याच्या किंचित वर यायला हवी. मग त्याला वाकायला लावून बघा. तरीही अडला तर ती सीट त्या जागेवर चालणार नाही, दुसऱ्या बाजूला लावून पाहा.

चिमणचारा:
टप्पा वर घेतला. पाच-सहा वेळा वाकायला लावलं, आता सर्रकन मागे जातो. मीच उंची मोजताना त्याला पोक काढून बसू दिलं होतं. आजी आता डाव्या बाजूला बसतात, बक्कल दोघांनाही सापडतं.