त्या वेळी शेजारी कोण उभं होतं? (अनुभव धागा)

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसच्या एका चौकात डेरेक शॉविन हा पोलीस जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा रोवून होता. पोलिसांनी सुरुवातीला काढलेल्या पत्रकात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. वैद्यकीय कारणाने इसमाचा मृत्यू, असा त्याचा सूर होता. खरं काय ते जगाला कळलं, कारण फुटपाथवरच्या १७ वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरने मोबाइल खाली केला नाही. २० एप्रिल २०२१ ला ज्यूरीने शॉविनला खुनासाठी दोषी ठरवलं, त्यात तिच्या चित्रफितीचा वाटा फार मोठा होता.

हा धागा काढायचं तेव्हापासून मनात होतं. वंशभेद, जात, धर्म यांवर आपल्याकडे चर्चा भरपूर होतात आणि त्या अपमान करणारा आणि सोसणारा या दोघांभोवतीच फिरतात. तिसरा माणूस राहून जातो. रांगेत मागे उभा असलेला, सोसायटीच्या मीटिंगला हजर असलेला. माझं ठाम मत आहे की पुष्कळदा गोष्ट कुठे जाणार हे तोच ठरवतो.

तर रंग, चेहरा, आडनाव, पासपोर्ट यांवरून तुम्हाला कुणी कमी लेखलं असेल, तर त्या वेळी आजूबाजूची माणसं काय करत होती ते लिहा. परदेशातलं लिहा, इथलंही लिहा. खाजगी माणसांची, कंपन्यांची, कॉलेजांची नावं नकोत. "आमच्याकडे असलं काही नसतं" एवढंच म्हणायचं असेल तर कृपा करून इथे लिहू नका.

मिनियापोलिसच्या उपनगरातून

त्या आठवड्यात आम्ही इथेच होतो. आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर एकच वाद: आपला याच्याशी काय संबंध? दुकानं जळतायत, आपण दारं लावून बसावं. साताऱ्याहून आलेले माझे सासरे लॉकडाऊनमुळे आमच्याकडे अडकले होते. त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं की जोतिबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. संबंध तेव्हापासूनचा आहे. त्यानंतर वाद थांबला असं नाही, पण दुसऱ्या दिवशी चार घरांतले लोक झाडू, फावडी आणि पाण्याचे कॅन घेऊन लेक स्ट्रीटवर साफसफाईला आले. तिथलं एका बांगलादेशी माणसाचं 'गांधी महल' नावाचं रेस्टॉरंट जळून गेलं होतं. इमारत पुन्हा उभी करता येते, माणूस परत आणता येत नाही, अशी त्या मालकाची भूमिका होती. हॉटेल जळालेलं असताना! मला ते अजून पेलत नाही.

माझा स्वतःचा अनुभव त्यानंतरचा. किराणा दुकानात मागच्या माणसाने मला "आपल्या देशात चालती हो" असं सुनावलं. कॅशियर बाई काळी होती, वयाने साठीच्या पुढची. तिने त्याच्या हातातली टोपली घेतली, काउंटरखाली ठेवली आणि त्याच्यामागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं. एक शब्द बोलली नाही. तो आरडाओरडा करून निघून गेला. नोकरी तिची धोक्यात आली असती, माझी नव्हे.

मिडल्सब्रो, इंग्लंड

मी नर्स आहे, शिक्षण मिरजेचं. जुलै २०२४ च्या शेवटी साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी बोटीतून आलेला मुस्लिम निर्वासित आहे अशी धादांत खोटी अफवा पसरली आणि दंगली उसळल्या. ४ ऑगस्टला, रविवारी, आमच्या गावात टोळकी रस्त्यावर गाड्या अडवून चालकाला विचारत होती: गोरा आहेस का? इंग्लिश आहेस का? हे मी ऐकीव सांगत नाही, त्याच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या. संडरलँडमध्ये तर ड्यूटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसच्या टॅक्सीवर दगडफेक झाली.

माझी त्या दिवशी नाईट होती. वॉर्डात आम्ही निम्म्याहून जास्त केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या. न जावं तर पेशंटचं काय, जावं तर कसं? दुपारी सिस्टरचा फोन आला, म्हणजे आमच्या वॉर्ड इनचार्जचा. बसने येऊ नकोस, टॅक्सीही करू नकोस, पत्ता पाठव. तिचा नवरा स्वतःची गाडी घेऊन आला. गॅरेजमध्ये काम करणारा, गोरा, दंडभर गोंदवलेलं. मला म्हणाला, मागच्या सीटवर बस आणि अंगावर कोट घे, युनिफॉर्म दिसू देऊ नकोस. एका चौकात गर्दी दिसल्यावर त्याने काच खाली केली, त्यांच्याशी दोन शब्द बोलला आणि गाडी काढली. काय बोलला ते मी विचारलं नाही. त्या रात्री त्याने मला पोचवलं, मग दुसरीला, मग तिसरीला. पहाटे आम्हाला परत न्यायलाही तोच हजर.

७ तारखेला आणखी ठिकठिकाणी हल्ले होणार अशी यादी फिरत होती. त्या संध्याकाळी लंडनच्या वॉल्थमस्टोपासून कितीतरी शहरांत हजारो लोक वंशभेदाविरुद्ध रस्त्यावर आले आणि दंगेखोर बहुतेक ठिकाणी फिरकलेच नाहीत. मी इथेच राहायचं ठरवलं आहे. आई रोज म्हणते परत ये, तिला काय सांगणार.

पुण्याहून, पीएमपीएमएलचा कंडक्टर

आमच्या मार्गावर आफ्रिकेतली शिकायला आलेली पोरं रोज असतात. सुदान, टांझानिया, नायजेरिया. कात्रजवरून गाडी भरून निघते, दारात लोक लोंबकळतात आणि त्या पोराच्या शेजारची सीट रिकामी. स्वारगेटपर्यंत रिकामी. पोराला ते कळत असतं, खिडकीबाहेर बघत बसतो. पहिल्यांदा मला वाटायचं आपल्याला काय करायचंय, तिकिटं फाडू. पण तिकीट काढायच्या निमित्ताने मी त्या सीटपाशी उभाच राहतो आणि मोठ्याने म्हणतो, "ओ काका, उभे कशाला, सीट आहे की." थेट त्यालाच सांगितलं की माणूस बसतो. नाही म्हणायची लाज वाटते सगळ्यांदेखत. एकदा बसला की पुढे तोच विचारतो, कुठला रे तू, काय शिकतोस. भाषण द्यायची गरज पडत नाही. आमच्यातल्या तीनचार जणांनी आता हीच पद्धत धरली आहे.

सिअ‍ॅटलहून

मी नागपूरची. आमच्या घरी फोन उचलला की हॅलोच्या आधी "जय भीम" येतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये बाबांचा फोन आला की मी आधी आवाज कमी करायचे. शेजारच्या टेबलावर आपलीच माणसं असतात ना, म्हणून. अमेरिकन सहकाऱ्याला त्या दोन शब्दांनी काही कळत नाही, देशी सहकाऱ्याला सगळं कळतं. मग पुढचे प्रश्न: पूर्ण नाव काय, गाव कुठलं, नागपुरात कुठल्या भागात? अंदाज पक्का झाला की जेवायला बोलावणी थांबतात. माझ्या टीमचा लीड आपल्याकडचाच होता. माझं काम कोडच्या आढाव्यात दिवसेंदिवस पडून राहायचं, बाकीच्यांचं तासात मंजूर. हे एचआरला सांगायला गेले तर तिथल्या बाईच्या फॉर्मवर वंश होता, रंग होता, धर्म होता. जात नव्हती. तिने मनापासून ऐकून घेतलं आणि कुठल्या रकान्यात लिहू असं मलाच विचारलं.

म्हणून २१ फेब्रुवारी २०२३ चा दिवस माझ्यासाठी मोठा आहे. सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला, अमेरिकेत असं करणारं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. सभागृहात दोन्ही बाजूंचे लोक होते. विरोधकांचं म्हणणं होतं की यामुळे सगळ्या हिंदूंकडे संशयाने बघितलं जाईल. त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही, इथे मंदिरांवर रंग फासल्याचे प्रकार झालेले आहेत. पण कायद्यात कुठल्याही धर्माचं नाव नाही, आणि जात ख्रिश्चनांनी, शिखांनी, मुसलमानांनीही पाळलेली मी पाहिली आहे.

माझ्याबरोबर तिथे कोण आलं होतं, तर कोथरूडची माझी मैत्रीण. तिला कधी कुणी आडनावावरून छळलं नाही आणि छळणारही नाही. थंडीत बाहेरच्या रांगेत ती माझ्यासोबत उभी राहिली आणि त्यासाठी तिच्या नात्यातल्या दोन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. कॅलिफोर्नियात असंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यांतच हे येतं, असं त्यांचं कारण. मग त्या एचआरच्या बाईला रकाना का सापडला नाही?

बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली, त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. आता बाबांचा फोन मी स्पीकरवर घेते.

एक प्रतिसाद: "चांगला धागा आहे, पण यात राजकारण आणू नये."

धागाकर्ती: गाडी अडवून गोरा आहेस का विचारणं हे राजकारणच आहे, आणि ते भोगणाऱ्याला बाजूला ठेवता येत नाही. लिहिणाऱ्यांनी लिहीत राहावं.

नागपूर, सध्या न्यू जर्सी

माझं थोडक्यात. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली तेव्हा मी वडिलांच्या ऑपरेशनसाठी नागपुरात होतो. २१ तारखेपासून लागू, म्हणून कंपनीचा मेल: ताबडतोब परत या. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा नंतर आला. मधल्या वेळात तिकडच्या काही द्वेष्ट्यांनी भारतातून येणाऱ्या विमानांच्या सीट मुद्दाम आरक्षणात अडकवून ठेवायची मोहीम चालवली, आपल्याला तिकीट मिळू नये म्हणून. सीट दिसायची आणि पैसे भरेपर्यंत गायब व्हायची. धरमपेठेतल्या आमच्या ट्रॅव्हल एजंटने शटर अर्धं ओढून रात्रभर संगणकासमोर बसून माझ्यासारख्यांची तिकिटं काढली. कमिशन घेतलं नाही. वडील आयसीयूत होते आणि मी विमानतळावर. राग त्या घोषणेचा आहेच, पण परक्याच्या घरातलं आजारपण माहीत नसताना सीट अडवून हसणाऱ्या लोकांचा जास्त आहे.

मुंबई, मूळ रत्नागिरी

आम्ही कोकणी मुसलमान. घरात मराठी आणि कोकणी, माझी एमए मराठीत. अंधेरीत भाड्याने घर बघत होतो. एजंट फोनवर खूश, मराठी फॅमिली पाहिजेच होती म्हणाला. नाव सांगितलं की आवाज उतरतो. "मॅडम, मला काही नाही, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे." मालकाला विचारलं तर तोही हेच सांगतो. सेक्रेटरीला विचारलं तर तो मालकाकडे बोट दाखवतो. नकार कागदावर कुणीच देत नाही, त्यामुळे धरायचं कुणाला?

सहकारी संस्था अधिनियमाच्या २३ व्या कलमाने पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, पण भाडेकरू सभासद नसतो. राज्यघटनेचं १५ वं कलम मुख्यतः सरकारला बांधतं. मधल्या फटीत आम्ही. २००५ साली तर अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा नियम वैध ठरवला.

आम्हाला शेवटी घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांमुळे. मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, विरोध असेल तर इतिवृत्तात कारण लिहा आणि खाली सही करा. एकानेही सही केली नाही. करार झाला. ज्यांनी सही केली नाही तेच आता ईदला शीरखुर्म्याचा डबा परत करताना आत काहीतरी घालून देतात. मी घेते. पण त्या मीटिंगमध्ये सर नसते तर काय, हा विचार जात नाही.

पुणे, मूळची इंफाळची

मराठी सासर आहे, चुकलं तर समजून घ्या. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या कोक्राझारच्या हिंसाचारानंतर अफवा आल्या की पुण्यात, बंगळुरात ईशान्येकडच्या लोकांना मारणार. सरकारला एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घालावी लागली. माझ्या रूममेट्स आझाद हिंद एक्सप्रेसने हावड्याला आणि तिथून पुढे गेल्या. मी थांबले, कारण घरमालकीण आजी माझ्या खोलीत गादी टाकून झोपायला आल्या. २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा बेझबरुआ समिती नेमली गेली. वांशिक शेरेबाजीसाठी वेगळं कलम करा असं तिने सुचवलं. नव्या न्याय संहितेतही ते आलं नाही.

मार्च २०२० मध्ये दुधाच्या रांगेत एकाने मला कोरोना म्हणून हाक मारली आणि माझ्या दिशेने थुंकला. रांग दोन पावलं मागे सरली, माझ्यापासून, त्याच्यापासून नाही. फक्त एक कॉलेजची मुलगी पुढे आली. तिने त्याच्या मोटारसायकलचा नंबर टिपला, स्वतःचा मोबाइल नंबर मला दिला आणि चौकीत साक्षीला आली. तिथे आधी "जाऊ द्या ना" झालं. ती म्हणाली, मी बघितलंय, लिहून घ्या.

इथे वाचणाऱ्यांकडून मला एवढंच हवं आहे, त्यामुळे नीट लिहिते. असा प्रकार दिसला तर आधी त्या व्यक्तीच्या बाजूला येऊन उभे राहा, भांडणाऱ्याशी भांडायला नंतर वेळ आहे. गाडीचा नंबर, वेळ, दुकानाचं नाव टिपा. व्हिडिओ काढलात तर तो आधी त्या व्यक्तीला द्या, स्टेटसला टाकू नका. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असेल तर हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो, आणि त्याची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. आणि चौकीत बरोबर चला. एकटीने गेलं तर पहिला प्रश्न "तुम्ही कुठल्या देशाच्या?" असतो.