मुष्टियुद्धाच्या व्हिडिओ गेममधून पुरेसा व्यायाम कसा मिळवावा?

प्रश्न – मांजलपूरकर
बडोद्यात एप्रिलपासून सकाळी उशिरा कमाटीबागेत चालणे उन्हामुळे अशक्य होते, म्हणून घरी निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर ‘फिटनेस बॉक्सिंग २’ हा गाण्यांच्या तालावर ठोसे मारण्याचा खेळ नियमितपणे खेळू लागलो आहे. गुण चांगले पडतात, तालही सहसा चुकत नाही. मात्र धाप लागत नाही आणि दुखतात ते केवळ खांदे. अशा खेळांची मर्यादाच एवढी आहे, की खेळण्याच्या पद्धतीत काही बदल करता येईल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – दांडियाबाजार
पद्धत बदलल्यास फार मोठा फरक पडतो. जॉय-कॉनमध्ये, म्हणजे स्विचच्या हातात धरायच्या नियंत्रकांमध्ये, वेगातील बदल आणि वळण टिपणारे सेन्सर असतात. त्यांना हात हलला एवढेच कळते, त्या हालचालीमागे पाय आणि कंबर होती की नाही, हे कळत नाही. शिवाय या खेळात गुण मिळतात ते ताल साधल्याबद्दल, जोराबद्दल नव्हे. त्यामुळे मनगटाच्या झटक्यालाही ठोसा म्हणून मान्यता मिळू शकते आणि शरीर जवळजवळ स्वस्थ राहते.

ठोसा जमिनीपासून सुरू करा. मागच्या हाताने सरळ ठोसा मारताना मागच्या पायाची टाच उचलून चवड्यावर बाहेर वळवा, तिच्याबरोबर कंबर फिरू द्या, मग खांदा आणि सर्वांत शेवटी मूठ पुढे जाऊ द्या. गेलेला हात त्याच वेगाने हनुवटीपाशी परत आला पाहिजे, आणि दुसरा हात तोवर गालाजवळच राहिला पाहिजे. हात परत आणण्याचे हे काम बहुतेक जण सोडून देतात, आणि निम्मे श्रम तेथेच बुडतात. खाली झुकण्याची खूण येते तेव्हा पाठ वाकवू नका, गुडघ्यांतून बसा. आपल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात ज्यांनी बैठका मारल्या आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको की धाप लागते ती मांड्या कामाला लागल्यावर.

एक इशारा मात्र मनापासून देतो. हवेत मारलेल्या ठोशाला समोरून अडवणारे काही नसते, म्हणून कोपर पूर्ण ताठ होण्याआधीच हात थांबवा, आणि श्रम वाढवण्यासाठी हातात डंबेल्स घेऊन खेळू नका. तो सारा झटका कोपर आणि खांद्याच्या सांध्यांवर येतो.

उत्तर – रावपुरा वाचक
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझने 2008 मध्ये निन्टेन्डोच्याच ‘वी स्पोर्ट्स’ या जुन्या व्हिडिओ गेममधील पाच खेळ तपासले, तेव्हा सर्वाधिक ऊर्जा मुष्टियुद्धात खर्च झाली: मिनिटाला सुमारे 7.2 कॅलरी. मात्र प्रत्यक्ष मुष्टियुद्धाच्या सरावाची बरोबरी त्याने होत नाही. पडद्यावर दिसणारा कॅलरींचा आकडा हा अंदाज असतो, कारण खेळताना तुमच्या हृदयाचे ठोके कोणी मोजत नसते. त्यापेक्षा बोलून पाहावे. पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका श्रम मध्यम; दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर तो तीव्र. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे तीव्र व्यायाम सुचवते आणि स्नायूंच्या बळकटीसाठी निदान दोन दिवस वेगळे मागते, तेव्हा दंड-बैठका सोडू नयेत.

व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य पाहण्याचे उपकरण) घेण्याची ऐपत आणि पुरेशी मोकळी जागा असल्यास ‘द थ्रिल ऑफ द फाइट’ हा मुष्टियुद्धाचा खेळ पाहावा. तेथे ताल नाही, समोर प्रतिस्पर्धी असतो आणि हलक्या ठोशाने त्याचे फारसे बिघडत नाही, म्हणून अंग चोरणे कठीण जाते. मला व्यायाम म्हणून तोच अधिक प्रामाणिक वाटतो.

मांजलपूरकर
दोघांचेही आभार. टाच वळवून पाहिली; एका गाण्यातच फरक जाणवला. खालच्या मजल्यावर वृद्ध जोडपे राहते, त्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून काय करावे? तसेच डावा पाय पुढे ठेवणेच मला सोयीचे वाटते, तर तेवढ्यावर भागेल का?

दांडियाबाजार
उड्या न मारताही हे सारे करता येते. जाड चटई घाला, मात्र तिच्यावर पाय सहज वळतो की नाही ते आधी पाहा, नाहीतर गुडघ्याला पीळ पडतो. पवित्रा मात्र आलटून पालटून घ्या. या खेळात उजवा पाय पुढे ठेवण्याचेही व्यायाम आहेत. तो पवित्रा सुरुवातीला अवघडल्यासारखा वाटेल, म्हणून काही दिवस त्यात सोपी गाणी निवडा.